उजव्याचा तळ

पिरमाझेन्समध्ये एके काळी
चिमणी दिसली की समजायचं, खाली बूट शिवतायत.
आता चिमण्या तीनच. एकीवर करकोच्याचं घरटं.
माझं दुकान दवाखान्याच्या जिन्याखाली,
कॉर्क, सरस आणि दुसऱ्यांचे मोजे
यांच्या वासात.

वाल्ट्राउट बाई आल्या मंगळवारी,
काठी नको म्हणून छत्री टेकत.
बाहेर लख्ख ऊन.

मी आधी जुने बूट उलटे करून बघतो.
दुखणं सांगताना माणूस विसरतो, लाजतो,
कुठल्या पायाचं तेही चुकतो.
तळ चुकत नाही.
डाव्याची टाच बाहेरून झिजलेली,
बहुतेकांची झिजते तशी.
उजव्याची आतून,
आणि अंगठ्याच्या मुळाशी एक वाटोळा खळगा,
कोटाच्या बटणाएवढा.

डोळे मिटा म्हटलं.
नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवायचा,
तो वाकला की दाब पुरेसा.
"लागलं?"
"हो," म्हणाल्या.
मी अजून टेकवलाच नव्हता.

साखरेनं इतक्या वर्षांत
तळव्यातली एकेक खिडकी लावून घेतली होती,
आणि बाई सभ्य.
कोणी दार वाजवलं असेल असं धरून
हो म्हणत होत्या.

दाबाच्या पट्टीवर चालवलं.
पडद्यावर पाऊल उमटलं:
टाच निळी, मध्ये हिरवं
(जिथे काहीच उमटू नये तिथे),
अंगठ्यामागे लाल, लालच्या आत पांढरं.

फिन शिकाऊ, हुशार.
"कमान उचलू या. आतून चार मिलिमीटरची पाचर."
पुस्तकात तसंच आहे.
मी म्हटलं, आधी हातात घे.
टाच धर. आता फिरव.
फिरेना.
त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग पावलाकडे,
जणू ते मुद्दाम करत होतं.

जे अजून हलतं, त्याला वळण लावता येतं.
जे हलायचं थांबलं
त्याच्याखाली पाचर ठोकली तर फक्त जखम होते.
तिथे जागा करायची, बस.

म्हणून कॉर्कमध्ये खळगा कोरला,
बोटांपुढे सेंटिमीटरभर मोकळं सोडलं,
तळ पुढून होडीसारखा वर घेतला,
म्हणजे वळायचं ते बूट वळेल,
अंगठ्याला वळायला नको.

तीन आठवड्यांनी बूट तयार.
त्यांनी पाय घातला नाही. हात घातला.
डोळे मिटले, या वेळी न सांगता.
बोटं आतून फिरत राहिली, अस्तराच्या कडेकडेनं,
आणि थांबली.
"इथे. शिवण आत आलीय.
कोणी शिवलं?"
मी.
"लॉयखनरकडे असतात तर पगार कापला असता."

एकतीस वर्षं शिवणखात्यात.
दिवसाला दोनशेऐंशी जोड,
उजवा पाय पेडलवर,
जोर अंगठ्याच्या मुळाशी.

मी जुना बूट परत उलटा केला.
माझ्या फॉर्मवर घोट्याचे अंश आहेत,
चालीचा वेग आहे, वजन, साखर,
आणि व्यवसाय: निवृत्त.

मग त्या माझ्या मशीनपाशी बसल्या,
विचारलं वगैरे नाही.
पाय पेडल शोधत राहिला.
एकदा बाजूनं गेला, एकदा वरून घसरला,
त्याला काहीच कळत नव्हतं.
"बोलू नका," म्हणाल्या. "ऐकू दे."
मान कलती केली,
मोटर गुरगुरली, हळू, अजून हळू,
आणि आवाजाच्या मापानं
तो पाय दाब देऊ लागला.

सहा सेंटिमीटरची शिवण.
फिन धागा कापायला वाकला आणि वाकलेलाच राहिला.

नवे बूट घालून जिना चढल्या.
मी खालून मोजत होतो:
टाच, चवडा. टाच, चवडा.
नवव्या पायरीला जरा ओढल्यासारखा आला.
उद्या बोलवायला हवं,
पुढचा तळ दोन मिलिमीटर तासायचाय.